भाताचं तूस आणि उसनी यंत्रं

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात मुळशी तालुका सुरू होतो. तालुक्याची पूर्व बाजू हिंजवडीचं आयटी पार्क, सूस, बावधन आणि लवळ्याच्या डोंगरावरचं सिंबायोसिस विद्यापीठ यांनी भरून गेली आहे. पश्चिमेला कोळवण खोरं, मुळशी धरण, ताम्हिणी घाट आणि पावसाळ्यात पाण्यानं भरलेली भातखाचरं. पूर्वेची हद्द संपते तिथून जवळच पाषाण. तिथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनसीएल, उभी आहे. तिच्याच परिसरालगत २००६ साली सुरू झालेली आयसर आहे आणि थोडं पुढे हवामानाचा अभ्यास करणारी आयआयटीएम. उपयोजित विज्ञानात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला असा शेजार देशातल्या फार थोड्या तालुक्यांत मिळेल.

हा शेजार वापरायचा कसा, हे मात्र कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. कोळवण खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं ते फॉर्म भरून, पीएमपीच्या बसेस बदलून आणि काचेच्या दारांबाहेरच्या बाकड्यांवर वाट बघून शिकून घेतलं. आज ती तालुक्यातल्याच एका महाविद्यालयात उपयोजित रसायनशास्त्र शिकवते. संशोधनाला आलेला विद्यार्थी पहिल्याच भेटीत विचारतो, "मॅडम, आपल्याकडे कुठली मशिन्स आहेत?" तिचं उत्तर ठरलेलं असतं. "आपल्याकडे एक भट्टी आहे, एक वजनकाटा आहे, आणि पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत जवळजवळ सगळं आहे. तुला काय शोधायचंय ते आधी सांग."

या उत्तरामागे बरीच वर्षं आहेत.

पीएच.डी.साठी विषय तिनं घरचाच घेतला. मुळशी-मावळचं मुख्य पीक भात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेली इंद्रायणी आज पुण्यातल्या घराघरात शिजते, पण गिरणीत तिच्याबरोबर निघणाऱ्या तुसाचं काय होतं हे कुणी विचारत नाही. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतं. जनावरं ते खात नाहीत, शेतात लवकर कुजत नाही, म्हणून बहुतेक वेळा ते जाळलं जातं. उरलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. ही राख सिमेंटमध्ये मिसळता येते आणि काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६ : २०००, तिला अटींसह परवानगीही देतं. मुख्य अडचण राखेतल्या सिलिकेच्या रूपाची. ती अस्फटिक असेल तर सिमेंटमधल्या चुन्याशी तिची रासायनिक क्रिया होऊन बांधणी मजबूत होते. तूस फार कडक आचेवर जाळलं तर सिलिका स्फटिकरूप होते, आणि मग ती राख सिमेंटमध्ये नुसती वाळूसारखी पडून राहते. तूस किती तापमानाला, किती वेळ, किती जाड थर करून जाळायचं, हा तिचा प्रश्न होता.

प्रश्न गिरणीच्या दाराशी सुटण्यासारखा वाटत होता. पण राख अस्फटिक आहे की स्फटिकरूप, हे डोळ्यांना दिसत नाही. राखेचा रंगही फसवतो. काळी राख म्हणजे तिच्यात कार्बन उरला आहे, पांढरी म्हणजे कार्बन जळून गेला आहे. सिलिकेचं रूप त्यावरून कळत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन, म्हणजे एक्सआरडी, लागतं. राखेच्या कणांचं पृष्ठफळ मोजायला बीईटी, कण बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, रासायनिक बंध ओळखायला एफटीआयआर. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यातलं एकही यंत्र नव्हतं. होती ती एक मफल भट्टी, गरम हवेची ओव्हन, चार दशांश स्थळांपर्यंत मोजणारा वजनकाटा, ऊर्ध्वपातित पाण्याची सोय आणि भरपूर परीक्षानळ्या.

इथून तिच्या उसनवारीला सुरुवात झाली.

महागडी यंत्रं वाटून वापरायची ही कल्पना आपल्याकडे पन्नास वर्षांची आहे. प्रत्येक विद्यापीठाला प्रत्येक यंत्र घेऊन देणं देशाला परवडणारं नाही, हे ओळखून केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं १९७० च्या दशकात प्रादेशिक उपकरण केंद्रं काढली. मुंबईच्या आयआयटीतलं केंद्र १९७६ सालचं. पुढे ही केंद्रं सैफ या नावानं ओळखली जाऊ लागली; कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही असं केंद्र आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मध्यवर्ती उपकरण सुविधा आहे, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांची यंत्रंही ठरलेल्या दरानं बाहेरच्यांचे नमुने तपासून देतात. दरपत्रकात बहुधा तीन रकाने असतात: आपले विद्यार्थी, बाहेरच्या शैक्षणिक संस्था आणि उद्योग. तिसरा रकाना पाहिला की पहिल्या दोन्हींचे दर बरे वाटू लागतात. वर जीएसटी असतोच.

पहिला नमुना द्यायला पाषाणला गेली तेव्हा तिच्याकडे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत राखेचे नमुने होते, मार्गदर्शकांची सही असलेला फॉर्म होता आणि बँकेची पावती होती. खिडकीशी बसलेल्या ज्येष्ठ ऑपरेटरनं फॉर्म वरून खाली वाचला. "सॅम्पल आणलंस, छान. पण यात तुला शोधायचंय काय?" तिनं विषयाचं लांबलचक नाव सांगितलं. ते म्हणाले, "ते झालं शीर्षक. मी मशीन किती अंशांपासून किती अंशांपर्यंत फिरवू? सावकाश फिरवू की भरभर? तुझ्या राखेत काय असण्याची शक्यता आहे, ते कळल्याशिवाय मी कसं ठरवणार?"

तिचं खरं शिक्षण त्या खिडकीपाशी सुरू झालं. क्ष-किरण स्फटिकावर पडले की अणूंच्या थरांतल्या अंतरानुसार ते ठरावीक कोनांतच जोरानं बाहेर पडतात. आलेखावर त्या कोनांपाशी टोकदार शिखरं उमटतात. अस्फटिक पदार्थात अणूंची अशी शिस्त नसते, म्हणून टोकदार शिखराऐवजी एक रुंद, पसरट उंचवटा येतो. तुसाच्या राखेतल्या अस्फटिक सिलिकेचा उंचवटा साधारण २२ अंशांभोवती असतो. क्रिस्टोबलाइट या स्फटिकरूप सिलिकेचं मुख्य शिखरही तिथेच, २२ अंशांच्या जरा अलीकडे येतं. जागा जवळजवळ एकच, पण आकार अगदी वेगळा. ऑपरेटरनं पडद्यावर तिचा आलेख मोठा करून दाखवला. "हे बघ, टेकाड आहे, सुळका नाही. तुझं काम झालंय."

पुढच्या खेपेला सुळका आला.

त्याच भट्टीत, त्याच तापमानाला, ६५० अंशांवर जाळलेली राख होती. महाविद्यालयात सगळ्यांचं मत पडलं की तिकडचं यंत्र बिघडलं असणार. ऑपरेटर रागावले नाहीत. त्यांनी सिलिकॉनची प्रमाणित पूड यंत्रात ठेवून आलेख काढला. सिलिकॉनचं पहिलं शिखर २८.४ अंशांवर यायला हवं. ते तिथेच आलं. म्हणजे यंत्र ठीक होतं आणि तपासायची होती ती भट्टी. मग कुणीतरी सुचवलं म्हणून तापकीर गल्लीतून के प्रकारचा एक सुटा थर्मोकपल आणि त्याचा छोटा मीटर आणला. तो भट्टीच्या मध्यभागी सोडून पाहिलं तर आतलं तापमान बाहेरच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त होतं. भट्टीच्या मूळ थर्मोकपलचं टोक कधीतरी मागे सरकून भिंतीत शिरलं होतं. ते भिंतीचं तापमान सांगत होतं, आणि तूस जळत होतं मध्यभागी. शिवाय तूस स्वतःही पेट घेतं. थर जाड असेल तर त्याच्या पोटातलं तापमान आणखी चढतं.

लाखो रुपयांच्या यंत्रानं दाखवलेली गडबड काहीशे रुपयांच्या तारेनं सुटली. त्या दिवसापासून तिच्या वहीत भट्टीच्या आकड्याशेजारी सुट्या थर्मोकपलचा आकडा लिहिण्यासाठी वेगळा रकाना आला. आज तिच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतही तो आहे. आपल्या प्रयोगशाळेतली साधी साधनं, म्हणजे काटा, भट्टी, पिपेट, पीएच मीटर, प्रमाणित करून घेतल्याशिवाय बाहेरच्या मोठ्या यंत्रावर पैसे घालायचे नाहीत, असा तिचा दंडक आहे.

बीईटीचं प्रकरण आणखी वेगळं. यात राखेचा नमुना आधी निर्वातात तापवून त्यात अडकलेली हवा आणि ओल काढून टाकतात. याला कित्येक तास, बऱ्याचदा अख्खी रात्र लागते. मग नमुन्याची नळी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून तिच्यात नायट्रोजन वायू थोडा थोडा सोडतात. किती वायू राखेला चिकटला यावरून पृष्ठफळ निघतं. साध्या राखेचं पृष्ठफळ निराशाजनक निघालं. वाचन करता करता कारण सापडलं: तुसात पोटॅशियम असतं, ते तापवताना सिलिकेला वितळायला मदत करतं आणि बारीक छिद्रं बुजतात. जाळण्याआधी तूस सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून, पाण्यानं धुऊन घेतलं तर पोटॅशियम निघून जातं. तसं केल्यावर पृष्ठफळ ग्रॅमला दोनशे चौरस मीटरच्या घरात गेलं. चिमूटभर राखेत बॅडमिंटनची दोन कोर्टं मावतात, असं ती वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

पण आम्लानं धुणं म्हणजे खर्च आला, सांडपाणी आलं. गिरणीवाल्याला ते परवडणार आहे का? उपयोजित विज्ञानात यंत्रानं दिलेल्या आकड्यानंतर हा प्रश्न यावाच लागतो. तिच्या प्रबंधात म्हणून दोन्ही प्रकारची राख आहे. धुतलेली राख प्रयोगशाळेतल्या शोषणाच्या कामासाठी आणि न धुतलेली, पण नीट जाळलेली, सिमेंटसाठी.

सिमेंटच्या कामासाठी तिला पाषाणला जावं लागलं नाही. शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सिव्हिल विभागात दाबाची चाचणी घेणारं यंत्र होतं. अशा महाविद्यालयांत ते असतंच, आणि वर्षातले बरेच महिने रिकामंही असतं. तिथल्या विभागप्रमुखांनी एका अर्जावर परवानगी दिली. खरी मदत झाली ती प्रयोगशाळेतल्या मामांची. महाराष्ट्रातल्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला सगळे मामाच म्हणतात. या मामांनी सिमेंटचे ठोकळे पाडण्यात उभी हयात घालवली होती. ७०.६ मिलिमीटरचा लोखंडी साचा, तमिळनाडूतल्या एन्नोरहून येणारी तीन प्रतींची प्रमाणित वाळू, मोजलेलं पाणी, साच्याला आतून तेलाचं बोट. ठोकळा साच्यातून काढला की मामा त्याच्या वरच्या बाजूवर खडूनं फुली मारत. "ही बाजू मशीनच्या प्लेटला लावायची नाही. ही थापीनं सारखी केलेली असते, साच्याला टेकलेली नसते. आडवा ठेवायचा." मानकात हेच लिहिलेलं आहे, तिनं ते आधी मामांकडून ऐकलं आणि मग वाचलं.

ठोकळे पाण्याच्या टाकीत सात दिवस आणि अठ्ठावीस दिवस मुरवायचे असतात. या अठ्ठावीस दिवसांना घाई चालत नाही. दहा टक्के सिमेंट काढून त्या जागी राख घातलेला ठोकळा अठ्ठावीस दिवसांनी साध्या ठोकळ्याच्या बरोबरीला आला. वीस टक्क्यांना मिश्रण कोरडं पडू लागलं, कारण सच्छिद्र राख पाणी पिऊन टाकते. प्रबंधातला सगळ्यात कामाचा तक्ता हाच ठरला. तो ज्या यंत्रावर निघाला त्याचं नाव कुठल्याही मोठ्या सुविधेच्या यादीत नाही.

मुळशीत संशोधन करायचं तर पावसाशी जमवून घ्यावं लागतं. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की एफटीआयआरसाठी लागणारं पोटॅशियम ब्रोमाइड बाटली उघडताच दमट होतं. त्यात राख मिसळून, दाबून काचेसारखी पारदर्शक चकती करायची असते. पावसाळ्यात चकती दुधी होते. आलेखावर ३४०० आणि १६३० च्या आसपास पाण्याचे पट्टे एवढे मोठे येतात की राखेतलं पाणी कोणतं आणि हवेतलं कोणतं, हे सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे भुकटी ओव्हनमध्ये सुकवणं, डेसिकेटरमध्ये ठेवणं आणि चकती झाल्याबरोबर यंत्रात घालणं. वादळी पावसात वीज जाणं हेही नेहमीचंच. भट्टी चार तास ठरावीक तापमानाला ठेवायची आणि तिसऱ्या तासाला वीज गेली, की तो घाणा बाद. तिनं कामाची विभागणीच हंगामाप्रमाणे केली: दिवाळीनंतर जाळणं आणि नमुने तयार करणं, उन्हाळ्यात मोजमापं, पावसाळ्यात वाचन आणि लेखन. मार्गदर्शक थट्टेनं म्हणायचे, "तुझी पीएच.डी. खरीप आहे की रब्बी?"

पावसाळ्यातल्या वाचनासाठी आधार होता विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचा. पैसे भरल्याशिवाय न उघडणारा शोधनिबंध हवा असेल तर लेखकालाच ईमेल करायचा, हाही मार्ग तिनं भरपूर वापरला. परदेशातले प्राध्यापक बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवून देत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा हे संकेतस्थळ तिला सगळ्यात जास्त कामी आलं. देशातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे कुणालाही पूर्ण वाचता येतात. शोधनिबंधात न मावणारे तपशील, म्हणजे कुठल्या दुकानातली रसायनं, नमुना किती वेळ तापवला, कुठे काय फसलं, हे सगळं प्रबंधात असतं. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरुवात. तिच्या पिढीला हे मिळतं तर कितीतरी महिने वाचले असते. मात्र ही योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. मुळशीतली बरीच महाविद्यालयं खासगी आहेत. तिथल्या विद्यार्थ्याला अजूनही जयकरची पायरी आणि लेखकाला ईमेल, हेच दोन रस्ते.

पैशाचंही सरळ बोललं पाहिजे. नेट-जेआरएफ मिळालेल्याला १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. तिला ती पाठ्यवृत्ती नव्हती. ती तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत पीएच.डी. करत होती. अशा विद्यार्थ्याला नमुन्याचं शुल्क खिशातून भरावं लागतं, म्हणून कुठला नमुना पाठवायचा नाही हे ठरवणं फार महत्त्वाचं होऊन बसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा स्लॉट अर्ध्या तासाचा असे. सिलिका विद्युतवाहक नसल्यानं आधी नमुन्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवावा लागतो, नाहीतर कणांवर विद्युतभार साचून चित्र पांढरंफटक होतं. उरलेल्या वेळात पडद्यावर एकेक सुंदर आकार दिसत जातात आणि फोटो काढायचा मोह होतो. तिनं आधीच ठरवून नेलेलं असे: प्रत्येक नमुन्याची तीनच ठिकाणं, प्रत्येकी दोनच विवर्धनं, आणि ठिकाणं न निवडता घ्यायची. प्रबंधात सुंदर दिसणारा फोटो नेहमीच्या कणाचा नसेल तर तो वाचणाऱ्याची फसवणूक करतो, हे तिला ऑपरेटरांनीच सांगितलं होतं.

तिच्या अनुभवातली सगळ्यात बोचरी गोष्ट मात्र यंत्र नसण्याची नाही. एका संस्थेत तिला हवं असलेलं यंत्र होतं. चकचकीत, निळ्या प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेलं. एका प्रकल्पातून ते आलं, प्रकल्प संपला, ते चालवणारा प्रकल्प-सहायक नोकरी शोधून गेला, देखभालीचा करार संपला आणि तो पुढे चालू ठेवायला कुठल्या खात्यातून पैसे द्यायचे हे ठरेना. यंत्राच्या दारावर उद्घाटनाची पाटी होती. वेळापत्रकाची वही कोरी होती. हे एका संस्थेपुरतं नाही. देशातल्या संशोधन वर्तुळात हा नेहमीच्या गप्पांचा विषय आहे. यंत्र घेण्यासाठी अनुदान मिळतं, पण ते चालवणाऱ्या माणसाचा पगार, सुटे भाग, वातानुकूलन, द्रवरूप नायट्रोजन यांसाठी मिळत नाही किंवा तुटपुंजं मिळतं. एनएमआरसारख्या यंत्राचं चुंबक तर उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमवर जगतं. हेलियम वेळेवर भरलं नाही तर चुंबकत्वच जातं.

जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं आय-स्टेम हे संकेतस्थळ याच दुखण्यावरचा एक इलाज आहे. सरकारी पैशातून घेतलेली यंत्रं कुठल्या संस्थेत आहेत, बाहेरच्यांना ती कशी मिळतील, हे तिथे शोधता येतं आणि वेळही मागता येते. ती आता विद्यार्थ्यांना आधी तिथे बसवते. मग यादीतल्या तीन जवळच्या ठिकाणी फोन करायला लावते, कारण यंत्र यादीत असणं आणि चालू असणं यांत कधीकधी वर्षभराचं अंतर असतं.

तिचे विद्यार्थी आता तिच्याही पुढे गेले आहेत, आणि त्यांच्या सुविधा सगळ्या यंत्रांच्याच नाहीत. शेणखतातल्या सूक्ष्मजीवांपासून विकर काढणाऱ्या एका मुलीला तुलनेसाठी ओळख पटलेला जिवाणू हवा होता. एनसीएलमधल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहातून ठरलेलं शुल्क भरून तो मागवता आला. ताम्हिणीकडच्या गावातला एक मुलगा पावसाचा अभ्यास करतो. शिवाजीनगरचं हवामान खात्याचं कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून लोक त्याला अजूनही सिमला ऑफिसच म्हणतात. या खात्यानं पाव अंशाच्या चौकटींत मांडलेली १९०१ पासूनची रोजच्या पावसाची आकडेवारी संकेतस्थळावर ठेवली आहे. मुलाच्या गावाच्या चौकटीत शंभर वर्षांत किती पाऊस पडला, ते त्याला एक पैसा न देता मिळालं. ती आकडेवारी वाचायला लागणारी संगणकभाषा तो फुकटच्या व्हिडिओंवरून शिकला. तिसऱ्यानं तूस जाळण्याची सुधारित शेगडी करायला घेतली आहे. डिझाइनसाठी त्यानं पाबळच्या विज्ञान आश्रमातली फॅब लॅब पाहून घेतली. डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या या आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, आणि शाळा सोडलेली मुलंही तिथे यंत्रं हाताळतात. चौथ्या विद्यार्थिनीला इंदूरला जायचं आहे. तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर शैक्षणिक संशोधकांना शुल्क पडत नाही, पण प्रस्ताव लिहून तो परीक्षकांकडून मंजूर व्हावा लागतो. तिचा मसुदा मॅडमनी लाल शाईनं भरून परत दिला आहे.

नमुना बाहेर पाठवण्याआधी प्रत्येकाला एक पानी टिपण लिहावं लागतं. नमुन्यात काय असण्याची अपेक्षा आहे, ते कशावरून, निकाल तसा आला तर पुढे काय करणार आणि उलटा आला तर काय करणार. टिपण समाधानकारक नसेल तर सही मिळत नाही. मुलं कुरकुरतात. एकानं विचारलंही, "मॅडम, मशीननंच सांगायचंय ना काय आहे ते?" त्याला तिनं पत्ता देऊन त्या ज्येष्ठ ऑपरेटरांकडे पाठवलं. ते आता निवृत्त झाले आहेत, पण कराराच्या नेमणुकीवर अजून येतात, कारण त्यांच्या जागी कायम माणूस भरलेला नाही. मुलगा परत आला तो टिपण लिहायलाच बसला.

या सगळ्या वर्षांतून तिचं एक ठाम मत बनलं आहे आणि विद्यापीठाच्या बैठकांत ती ते मांडते. पुण्याच्या या पट्ट्यात यंत्रांची मोठी टंचाई नाही. टंचाई आहे ती यंत्र चालवणाऱ्या, नमुन्याकडे पाहून प्रश्न विचारणाऱ्या, आलेख उलगडून सांगणाऱ्या माणसांची. आणि गावाकडच्या विद्यार्थ्याचं बसभाडं, नमुना-शुल्क, सुटा थर्मोकपल अशा छोट्या खर्चांसाठी लागणाऱ्या पैशांची. हे खर्च इतके लहान आहेत की कुठल्याच अनुदानाच्या फॉर्ममध्ये त्यांना रकाना नाही.

म्हणून तिची मागणी साधी आहे. प्राचार्य, विभागप्रमुख आणि संस्थाचालक यांनी पुढचं मोठं यंत्र मागताना त्याच प्रस्तावात प्रशिक्षित तंत्रज्ञाचा पगार आणि निदान पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च लिहावा, आणि अनुदान देणाऱ्यांनी ते रकाने कोरे असतील तर प्रस्ताव परत पाठवावा. विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयानं आपल्याच अंदाजपत्रकातून दरवर्षी थोडी रक्कम नमुना-शुल्क आणि प्रवासासाठी वेगळी काढावी. आणि मुळशीतल्या ज्या मुलामुलींना संशोधन करायचं आहे त्यांनी आपल्या महाविद्यालयात काय नाही याची यादी करत बसू नये. एक पानी टिपण लिहावं, पाषाणची बस धरावी आणि खिडकीतल्या माणसाशी आधी बोलावं.